अ‍ॅडमिन म्हणून उघडलं की नोंदी गायब, साधं उघडलं की परत हजर

वेलांटी

आमच्या वाचनालयातल्या देवघेवीच्या नोंदी एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. बनवणाऱ्यांनी ते कधीच बंद केलं, त्यामुळे नवी आवृत्ती मिळायची नाही आणि विचारायलाही कुणी नाही. जुना संगणक कुरकुरायला लागला म्हणून ते विंडोज ११ असलेल्या नव्या संगणकावर घेतलं. इन्स्टॉल नीट झालं, जुना डेटा फोल्डर जागच्या जागी कॉपी केला. संगणकावर तीन अकाउंट आहेत: एक अ‍ॅडमिन, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या पाळीसाठी एकेक साधं.

आता प्रकार असा आहे. सकाळच्या पाळीने दिलेली पुस्तकं संध्याकाळच्या पाळीला 'शिल्लक' दिसतात. संध्याकाळी जमा करून घेतलेली पुस्तकं सकाळी अजून वाचकाच्याच नावावर असतात. एरर कुठलाही येत नाही, दर वेळी 'नोंद साठवली' असंच येतं. कुणीतरी सुचवलं म्हणून राइट-क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं, तर दोन्ही पाळ्यांच्या नोंदी नाहीत. डेटा आणला त्या दिवसापर्यंतचंच सगळं. बंद करून साधं डबल-क्लिक केलं की आपापल्या नोंदी परत हजर!

शिवाय 'बॅकअप'चं बटण दाबलं की 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. तेही अ‍ॅडमिन म्हणून उघडलं तरी.

आतापर्यंत दोन सल्ले मिळालेत: सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाका, किंवा यूएसी (अ‍ॅडमिनचे अधिकार देण्याआधी खिडकी उघडून विचारणारी विंडोजची सोय) बंद करा. यातलं काहीही करायच्या आधी इथे विचारतेय. नोंदी हरवल्या तर नाहीत ना, ही खरी धास्ती आहे.

कळफलक

वेलांटीताई, पहिलं काम म्हणजे ते सॉफ्टवेअर कुणाला अनइन्स्टॉल करू देऊ नका, आणि युजर अकाउंट तर अजिबात डिलीट करू नका. नोंदी हरवलेल्या नाहीत. एका डेटा फाइलच्या तीन फाइली झाल्या आहेत आणि जो तो आपापली बघतोय.

तुमचं सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसलंय आणि डेटाही तिथेच आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतंय, असं धरून चालतो. विंडोज एक्सपीच्या काळात ही सर्रास पद्धत होती. बहुतेक जण अ‍ॅडमिन म्हणूनच लॉग-इन करायचे, त्यामुळे प्रोग्रॅमला कुठेही लिहायला मुभा होती. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, त्याच्यासोबत यूएसी आलं, आणि रोजच्या वापरात तो अधिकार कुणाकडेच उरला नाही. तसंच सोडलं असतं तर असंख्य जुने प्रोग्रॅम एका फटक्यात बंद पडले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक सोय करून ठेवली. जुना ३२-बिट प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. त्या फाइलची एक प्रत युजरच्या स्वतःच्या जागेत करतं आणि लिखाण तिकडे वळवतं. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो. या जागेला 'व्हर्च्युअलस्टोअर' म्हणतात आणि ती प्रत्येक युजरची वेगळी असते.

अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅमला ही वळणवाट नसते, तो थेट मूळ फाइलकडे जातो. मूळ फाइलीला तर तुम्ही डेटा आणल्यापासून कुणी हातच लावलेला नाही. म्हणून त्या दिवसापर्यंतचं सगळं दिसतं आणि पुढचं काही नाही.

बघायचं असं. सकाळच्या पाळीच्या अकाउंटने लॉग-इन करा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'त जाऊन लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. मग सी ड्राइव्ह, 'युजर्स', त्या अकाउंटचं फोल्डर, 'अ‍ॅपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअलस्टोअर'. आत पुन्हा 'प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६' आणि तुमच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर सापडेल. संध्याकाळच्या अकाउंटमध्येही तसंच. सापडलं की दोन्ही पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. हलवू नका, फक्त कॉपी.

उंबरठा

कळफलक यांनी लिहिलेलं बरोबर असेल, पण इतकं कशाला करायचं? माझ्याकडे यूएसीचा स्लायडर कायम तळाला असतो. दर वेळी विचारणारी ती खिडकी येत नाही आणि जुने प्रोग्रॅम मुकाट चालतात. पाळीवाल्या अकाउंटना अ‍ॅडमिन करायचं, स्लायडर खाली ओढायचा, विषय संपला.

कळफलक

उंबरठा, त्या खिडकीचा वैताग समजू शकतो, पण इथे त्याने काम होणार नाही. कारण नीट लिहितो, कारण पुष्कळांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

अकाउंट अ‍ॅडमिनचं असणं आणि प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅडमिन अकाउंटने लॉग-इन केलं की विंडोज त्याला दोन टोकन, म्हणजे अधिकारांची ओळखपत्रं, देतं, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक अधिकार काढून घेतलेलं. डबल-क्लिक केलेला प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या, म्हणजे साध्या टोकनवर चालतो. त्या विचारणाऱ्या खिडकीत 'यस'वर क्लिक केल्यावरच पहिलं वापरलं जातं. थोडक्यात, दोन्ही पाळ्यांना उद्या अ‍ॅडमिन केलं तरी डबल-क्लिक केल्यावर नोंदी आपापल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्येच जाणार. दोष तसाच राहील, आणि वर वाचनालयातल्या प्रत्येकाच्या हातात अख्खा संगणक बदलायचा अधिकार जाईल.

स्लायडरचंही तेच. विंडोज ८ पासून तो तळाला नेला तरी यूएसी पूर्ण बंद होत नाही. अ‍ॅडमिनला विचारणं बंद होतं, एवढंच. म्हणजे एखादा घातक प्रोग्रॅम पूर्ण अधिकार मागेल आणि ते न विचारता मिळतील. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन यूएसी खरोखर बंद केलं तर व्हर्च्युअलस्टोअरकडे वळवणंही बंद होतं, आणि मग दोन्ही पाळ्यांच्या नोंदी एका रीस्टार्टनंतर 'गायब'. फाइली डिस्कवर असतील, पण प्रोग्रॅमला दिसणार नाहीत. त्या घाईत कुणीतरी सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतं आणि तेव्हा खरं नुकसान होतं.

निळीशाई

व्हर्च्युअलस्टोअरच आहे याची खात्री करायचा सोपा मार्ग: प्रोग्रॅम चालू असताना टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये जा, कॉलमच्या नावांवर राइट-क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' निवडा. त्या प्रोग्रॅमसमोर 'इनेबल्ड' असेल तर कळफलक म्हणतात तेच.

वेलांटी

सापडलं! दोन्ही अकाउंटमध्ये. तिन्ही फाइलींचं नाव एकच, 'डेट मॉडिफाइड' मात्र वेगवेगळी. मूळची थेट डेटा आणला त्या दिवसाची, सकाळची आज दुपारची, संध्याकाळची काल रात्रीची. कॉलममध्येही 'इनेबल्ड' आहे. दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या.

पण एक नवीनच अडचण. दोन्ही फाइली एकाच क्रमांकापासून पुढे सुरू झाल्या आहेत. पावती क्र. ४८१२ सकाळच्या फाइलीत एका बाईंच्या नावावर शब्दकोश आहे, आणि तोच ४८१२ संध्याकाळच्या फाइलीत एका विद्यार्थ्याच्या नावावर प्रवासवर्णन. एकावर एक कॉपी केली तर एक पाळी पुसली जाईल.

कळफलक

कॉपी करून जुळणारच नाही ते. ज्या फाइलीत नोंदी जास्त, ती आधाराला धरा आणि दुसरीतल्या नोंदी हाताने पुन्हा घाला. सॉफ्टवेअरमध्ये तारखेनुसार यादी छापायची सोय असेल तर संध्याकाळच्या अकाउंटमधून ती आधी छापून घ्या. नव्या नोंदीला नवा क्रमांक पडेल, त्यामुळे वाचकांच्या हातातल्या पावत्यांशी मेळ बसावा म्हणून शेऱ्यात जुना क्रमांक लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा सुरक्षित उपाय मला दिसत नाही.

ते करण्याआधी मूळ दुखणं बरं करा, नाहीतर घातलेल्या नोंदी पुन्हा दोन ठिकाणी पांगतील. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलता येते का बघा. येत असेल तर 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर एक फोल्डर करा आणि जागा तिकडे वळवा. येत नसेल तर अ‍ॅडमिन अकाउंटमधून फक्त डेटाच्या फोल्डरवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'एडिट', 'युजर्स' हा गट निवडायचा आणि 'मॉडिफाय'वर टिक. 'फुल कंट्रोल' देऊ नका, त्याने परमिशन बदलायचाही अधिकार जातो आणि त्याची गरज नाही. सॉफ्टवेअरच्या अख्ख्या फोल्डरलाही देऊ नका. आतली मुख्य प्रोग्रॅमची फाइल सगळ्यांना बदलता येणं धोक्याचं: साध्या अकाउंटवर शिरलेला व्हायरस ती फाइल बदलू शकतो, आणि अ‍ॅडमिनने ती उघडली की त्याला अख्खा संगणक मोकळा.

तिरपाटाका

मी अशा वेळी सरळ सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेतो. 'टेक ओनरशिप'चं मेनूत घालायचं एक टूल मिळतं. एकदा सगळं आपल्या नावावर केलं की पुन्हा कधी 'डिनाइड' येत नाही.

निळीशाई

तिरपाटाका, कृपया हे इथे वाचणाऱ्या कुणी करू नये. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाच्या सेवेकडे असते, अ‍ॅडमिनकडेही नसते, आणि ते मुद्दाम तसं आहे. आतल्या हजारो फोल्डरांच्या परमिशन एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात. सगळ्या ड्राइव्हवर एकच नियम ओतला की आधी काय होतं याची नोंद कुठेच राहत नाही, आणि 'अनडू' नाही. पुढे अपडेट अडकायला लागतं, स्टार्ट मेनूतले अ‍ॅप उघडत नाहीत, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागतं. एकट्या फोल्डरची मालकी घेणं वेगळं. जुन्या डिस्कवरून आणलेल्या आपल्याच फोटोंचं फोल्डर उघडत नसेल तर तिथे ते योग्यच आहे.

वेलांटी

डेटाची जागा बदलायची सोय नाही. म्हणून 'युजर्स'ला 'मॉडिफाय' दिलं, 'अप्लाय' केलं, रीस्टार्टही केलं. काहीच बदललं नाही. सकाळची पाळी सकाळचंच बघतेय, संध्याकाळची संध्याकाळचंच. परमिशन चुकीच्या जागी दिली का?

कळफलक

जागा बरोबर आहे. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये प्रत पडून असेल तर प्रोग्रॅम वाचताना विंडोज आधी तीच देतं आणि मूळ फाइलीपर्यंत गाडी जातच नाही. परमिशन मिळाल्यावर नवीन प्रत होणार नाही, पण जुनी बाजूला सारावी लागते. प्रोग्रॅम बंद करा आणि दोन्ही अकाउंटमध्ये व्हर्च्युअलस्टोअरमधल्या त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरचं नाव बदला, पुढे 'जुनं' लावा. डिलीट नको. मग सकाळची फाइल मूळ डेटा फोल्डरमध्ये पेस्ट करा, कारण आधाराला तीच धरायची आहे. आधीची मूळ फाइलही नाव बदलून ठेवा.

रातवा

हा धागा वाचतेय आणि माझं एक कोडं सुटतंय असं वाटतं. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मला अ‍ॅडमिन नाही. आयटीवाल्यांनी येऊन पासवर्ड टाकला, एक डिझाइनचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं. पण माझ्या डेस्कटॉपवर आयकॉन नाही, स्टार्ट मेनूत नाही. ते म्हणतात झालंय इन्स्टॉल. हे व्हर्च्युअलस्टोअरच का?

निळीशाई

नाही रातवा, हे वेगळं. साध्या अकाउंटवर बसून दुसऱ्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकला की तो प्रोग्रॅम तुमच्या नावाने न चालता पासवर्डवाल्याच्या नावाने चालतो. त्याचं 'डॉक्युमेंट्स', त्याचा डेस्कटॉप, त्याची रजिस्ट्री. सॉफ्टवेअर 'फक्त माझ्यासाठी' अशा पद्धतीने बसणारं असेल तर ते आयटीवाल्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतं. त्याला दिसेल, तुम्हाला नाही. त्यांना सांगा की 'सर्व युजर्ससाठी' हा पर्याय निवडून पुन्हा इन्स्टॉल करा. तसा पर्यायच नसेल तर अशी सॉफ्टवेअरं बहुतेकदा अ‍ॅडमिनशिवायही बसतात. कंपनीची परवानगी असेल तर तुमच्याच अकाउंटवरून, पासवर्ड न टाकता चालवून बघता येईल.

आणि ऑफिसच्या मशीनवर अधिकार मागताना 'मला अ‍ॅडमिन द्या' असं मागू नका, ते मिळत नाही आणि मिळू नयेही. अडतंय ती जागा दाखवून तेवढीच परवानगी मागितली की आयटीवाले सहसा देतात. जागा शोधायला सिसइंटर्नल्स या विंडोज तपासायच्या टूलसंचातलं 'प्रोसेस मॉनिटर' आहे. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, टूल मोफत आहे, पण चालवायला अ‍ॅडमिन लागतो, म्हणून आयटीवाल्यांनाच सोबत बसवा. फिल्टरमध्ये तुमच्या प्रोग्रॅमचं नाव घाला, दुसरा फिल्टर 'रिझल्ट' या कॉलमवर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'चा. मग प्रोग्रॅममध्ये जे अडतं तेच बटण दाबा. कोणत्या फाइलवर किंवा रजिस्ट्रीच्या कोणत्या कीवर नकार आला ते पूर्ण पत्त्यासह दिसतं. सगळ्या ओळी दोषी धरू नका. पुष्कळ प्रोग्रॅम आधी गरजेपेक्षा जास्त अधिकार मागतात, नकार आला की कमी मागून पुढे जातात. बटण दाबलं त्या क्षणाची, आणि जिच्यानंतर लगेच एरर आला ती ओळ महत्त्वाची.

उंबरठा

कळफलक, दोन टोकनचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मग माझंही एक विचारून घेतो. आमच्याकडे शेअर केलेलं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलंय. एक्सप्लोररमध्ये दिसतं. पण एक प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणूनच चालतो आणि त्यात झेड ड्राइव्ह येतच नाही.

कळफलक

त्याच दोन टोकनांचा परिणाम. ड्राइव्ह साध्या टोकनच्या सत्रात जोडला गेलाय, पूर्ण अधिकारवाल्या सत्राला तो माहीतच नाही. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी शेअरचा पूर्ण नेटवर्क पत्ता, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, प्रोग्रॅममध्ये टाका. चालेल. एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्या प्रोग्रॅमवर सोडली तर काही होत नाही, हेही तुम्ही पाहिलं असेल. कमी अधिकाराच्या खिडकीतून जास्त अधिकाराच्या खिडकीत काही ढकलता येऊ नये अशी आडकाठीच आहे. तिथे 'फाइल, ओपन' वापरायचं.

पारिजात

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. यूएसबीने जोडलेल्या बोर्डाचा सीरियल पोर्ट उघडताना 'परमिशन डिनाइड' आलं की लगेच पुढे सुडो (पूर्ण अधिकाराने चालवायची आज्ञा) लावायची सवय असते. डेबियन, उबंटूवर तो पोर्ट 'डायलआउट' गटाच्या मालकीचा असतो. आपल्या युजरला त्या गटात घाला, लॉग-आउट करून परत या, पुन्हा सुडो लागणार नाही. सुडोने चालवलेला प्रोग्रॅम आपल्या होम फोल्डरमध्ये रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीच्या फाइली सोडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम साधा उघडला की स्वतःचंच सेटिंग वाचता येत नाही म्हणून बंद पडतो. मग माणूस परत सुडो लावतो. अशा वेळी होम फोल्डरमधल्या तेवढ्या फाइलींची मालकी परत आपल्याकडे घ्यायची.

मॅकवर तर काही ठिकाणी रूटही चालत नाही. २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून सिस्टिमचे फोल्डर रूटलाही बदलता येत नाहीत. आणि टर्मिनलला 'डॉक्युमेंट्स' वाचता येत नसेल तर सुडोने उपयोग नाही, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन त्या अ‍ॅपला परवानगी द्यावी लागते.

वेलांटी

झालं! सकाळच्या अकाउंटमधून चाचणीची नोंद केली, संध्याकाळच्या अकाउंटमध्ये लगेच दिसली. 'डेट मॉडिफाइड'सुद्धा आता मूळ फाइलीची बदलतेय. संध्याकाळच्या नोंदींची यादी छापली, दोघी बसून घालतोय, शेऱ्यात जुना क्रमांक टाकून. कळफलक, निळीशाई, दोघांचे खूप आभार.

बॅकअप मात्र अजूनही 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. तो 'डॉक्युमेंट्स'मध्ये जातो. तिथे तर कुणाच्या परवानगीची गरज नसावी ना?

निळीशाई

स्वतःच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहायला अ‍ॅडमिन लागत नाही, आणि तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून उघडूनही अडतंय. म्हणजे अडवणारा दुसरा कुणीतरी आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तळाशी 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'. तिथे 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का? विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं, पण नवा संगणक लावून देणाऱ्याने चालू केलं असू शकतं. ते चालू असलं की ओळखीचा नसलेला कुठलाही प्रोग्रॅम 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' वगैरेंमध्ये लिहू शकत नाही, मग तो अ‍ॅडमिन म्हणून चालो वा न चालो.

वेलांटी

चालू आहे! आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी'त आमच्याच सॉफ्टवेअरचं नाव, बॅकअप दाबला त्या प्रत्येक वेळचं. ते बंद करू का?

निळीशाई

बंद करू नका, ते तुमच्याच नोंदींचं रक्षण करतंय. त्याच पानावर 'अलाउ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' आहे, तिथे फक्त हे सॉफ्टवेअर घाला. त्यासाठी अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल. बॅकअपची प्रत त्याच संगणकावर पडून राहील, तेव्हा आठवड्याला पेनड्राइव्हवरही घेत जा.

वेलांटी

बॅकअप झाला, फाइल उघडूनही बघितली. एकच शेवटचं: तो सल्ला मिळाला तेव्हा आयकॉनच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त 'रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक करून ठेवलेला एक आयकॉन अ‍ॅडमिनच्या डेस्कटॉपवर आहे. तो तसाच असू दे का?

कळफलक

टिक काढा. राहिली तर त्या आयकॉनवरून प्रोग्रॅम दर वेळी पूर्ण अधिकार घेऊन उघडेल, आणि आता त्याला त्याची गरजच उरलेली नाही. टिक 'चेंज सेटिंग्ज फॉर ऑल युजर्स'मधून केली होती का तेही बघा. तशी असेल तर पाळीवाल्यांनाही पासवर्ड विचारला जाईल आणि त्यांच्या बॅकअपच्या फाइली अ‍ॅडमिनच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये जातील. नाव बदललेले व्हर्च्युअलस्टोअरचे दोन्ही फोल्डर मात्र सगळ्या पावत्या ताडून होईपर्यंत राहू द्या.